घरी बियर करायची म्हणताय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

मी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला होतो. त्यातली सात वर्षं स्वयंपाकघरात बियर केली. आता बेळगावच्या शहापुरात परत आलोय. आपल्याकडची पोरं शिकायला, नोकरीला इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया गाठतात आणि थंडी सुरू झाली की फोन येतो, "काका, डबा घेतलाय, पुढं काय करू?" इथल्या मित्रांचे प्रश्न वेगळे असतात. दोन्हीकडची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी.

बेळगावात घरी बियर केलेली चालते का?

नाही. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय कुठलंही मादक पेय तयार करता येत नाही. पाच लिटर असो की पन्नास, विकायला असो की स्वतःला प्यायला, कायद्याला फरक पडत नाही. दारू करण्याच्या हेतूने साहित्य बाळगणंसुद्धा त्यात येतं. "बाजारात बियर मिळते, मग घरची का नको?" असं विचारणाऱ्याला एक्साइजवाला चहा पाजून सोडेल या भ्रमात राहू नका. हातभट्टीवाल्याच्या शेजारी उभं करील.

मग चंदगडला किंवा गोव्याला जाऊन केली तर?

तिथंही परवाना लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तिथं तर पिणाऱ्यालाही परमिट लागतं. गोव्यात काजूची फेणी गाळणारेसुद्धा परवाना काढूनच भट्टी लावतात. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांचं कधी जमलं नाही, पण या एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत आहे.

म्हणजे हे सगळं वाचून इथं बसलेल्याने काय करायचं?

समजून घ्यायचं. बियरच्या कामातला निम्मा भाग धान्याचा आहे आणि त्याला कुठलाही कायदा आड येत नाही. तो भाग शेवटी सांगतो, कारण तो मला स्वतःला जास्त आवडतो. बाकीचं, जिथं परवानगी आहे तिथल्या आपल्या माणसांसाठी.

कुठं परवानगी आहे?

इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरी बियर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने सूट मिळाली: एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ आणि ७५७ लिटर. तरी राज्यांचे नियम वेगळे, अलाबामा आणि मिसिसिपीने २०१३ मध्ये परवानगी दिली. जर्मनीत कस्टमच्या कार्यालयाचा सध्याचा नियम आधी बघून घ्या. घरमालकाला विचारायचंही विसरू नका. हॉप्स, म्हणजे बियरला कडूपणा देणारी फुलं, उकळल्याचा वास जिन्यात दोन दिवस राहतो, आणि तो वास न आवडणारे लोक आहेत.

बियर म्हणजे नेमकं काय? सोप्या भाषेत सांगा.

तुम्ही लहानपणी नाचणीचं सत्त्व खाल्लंय ना? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड आलेल्या धान्यात एक गंमत घडते. रोपाला पोसायला साठवलेला स्टार्च फोडून त्याची साखर करणारी रसायनं, म्हणजे एन्झाइम्स, जागी होतात. ती जागी झाली की आपण धान्य वाळवून त्यांना तिथंच थांबवतो. बार्लीला हेच केलं की माल्ट तयार होतं. बार्ली म्हणजे आपले सातू, किंवा जव. (दुकानात मिळणाऱ्या सातूच्या पिठात हल्ली गहू आणि डाळंच जास्त असतं, तो विषय वेगळा.)

माल्ट भरडून गरम पाण्यात तासभर मुरत ठेवलं की एन्झाइम्स परत कामाला लागतात आणि पाणी गोड होतं. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ते हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं, त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. दोन-तीन आठवड्यांनी बियर.

आई लीड्सला आली होती तेव्हा मी धान्याचं पातेलं ढवळत होतो. तिनं वाकून वास घेतला आणि म्हणाली, "हे तर सत्त्वच की रे! एवढ्या लांब येऊन हेच करायलास होय?" बियरची याहून चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

हॉप्स म्हणजे काय? आपल्याकडे लावता येतात का?

हॉप्स ही वेल. तिच्या मादी फुलांचे शंकू वापरतात. त्यातल्या पिवळ्या रेझिनमुळे कडूपणा येतो, तेलांमुळे वास येतो आणि काही जीवाणूंची वाढ रोखली जाते. वेलीला फुलायला उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात. आपण विषुववृत्तापासून सोळा अंशांच्या आसपास आहोत, इथं दिवसाची लांबी फारशी हलतच नाही. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची शेती झाली आहे. आपल्या परसात वेल वाढेलही, पण फुलांच्या आशेनं पाणी घालत बसू नका.

सुरुवात कीटने करू की थेट धान्यापासून?

कीटने. याची लाज वाटायचं कारण नाही. कीटच्या डब्यात काकवीसारखा घट्ट माल्टचा पाक असतो, हॉप्स आधीच घातलेले, झाकणाखाली यीस्टची पुडी. नेहमीचा डबा १.७ किलोचा आणि त्यातून २३ लिटर होते. धान्य भिजवणं आणि उकळणं कारखान्यात उरकलेलं असतं. तुम्ही पाक गरम पाण्यात विरघळवायचा, थंड पाणी घालून भांडं भरायचं, यीस्ट टाकायचं.

पहिल्याच दिवशी धान्याच्या मागं लागलेली पोरं मी पाहिली आहेत. सहा-सात तास राबतात, मग भांडं रेडिएटरशेजारी ठेवून सगळं घालवतात. कीट तुम्हाला उरलेल्या दोन गोष्टी शिकवतं, स्वच्छता आणि तापमान. त्या जमल्याशिवाय धान्याला हात लावू नका.

कीटच्या डब्यावरच्या सूचना पाळायच्या ना?

निम्म्या. तीन ठिकाणी माझं ऐका.

एक, "एक किलो साखर घाला" असं लिहिलेलं असतं. साधी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागं काहीच उरत नाही, बियर पाणचट होते. साखरेऐवजी सुका माल्ट, किंवा माल्टच्या पाकाचा दुसरा डबा घाला. पैसे थोडे जास्त जातात आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दोन, काही डब्यांवर आंबवण्याचं तापमान २७ अंशांपर्यंत चालेल असं सांगितलेलं असतं. चालत नाही.

तीन, "सहा दिवसांत बाटल्या भरा". घाई करू नका. दोन आठवडे त्या भांड्याकडे बघायचं नाही.

किती स्वच्छता लागते?

सोवळ्याइतकी. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे आधी डोक्यात घ्या. चिकटलेला थर आधी घासून काढायचा, कारण मळाखालच्या जंतूला कुठलंही औषध पोचत नाही. मग वर्ट थंड झाल्यानंतर जे जे त्याला लागणार आहे, भांडं, झाकण, नळी, पळी, थर्मामीटर, ते सगळं निर्जंतुक करायचं. न धुता चालणारी आम्लाची द्रावणं मिळतात. ती सांगितलेल्या प्रमाणात मिसळा, मिनिट-दोन मिनिटं ओली ठेवा, फेस राहिला तरी हरकत नाही. उकळण्याआधीच्या भांड्यांना एवढं सोवळं लागत नाही.

प्लॅस्टिकचं भांडं तारेच्या घासणीने घासू नका. ओरखड्यात जंतू घर करतात. आणि ज्या डब्यात कधी लोणचं होतं तो डबा कितीही उकळा, बियरला लोणच्याचा वास येतोच. विचारू नका कसं कळलं.

तापमानाचं एवढं काय घेऊन बसलात?

कारण माझी पहिली तीन कीटं त्यानेच गेली. लीड्सच्या थंडीत मला वाटलं, दह्याला ऊब लागते तशी यालाही लागेल. भांडं कांबळ्यात गुंडाळून हीटरजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी फेस झाकणातून बाहेर आला, मी खूश. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर पिकल्या केळ्याचा आणि नेलपॉलिशचा वास. प्यायल्यावर डोकं धरलं ते वेगळंच.

दह्याच्या विरजणाला चाळिसेक अंशांची ऊब आवडते. बियरच्या यीस्टचं तसं नाही. एलचं, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबणाऱ्या बियरचं, यीस्ट १८ ते २० अंशांना सरळ वागतं. त्यावर गेलं की ते भराभर वाढतं आणि नको ती रसायनं सोडतं, फळांचे वास देणारी एस्टर्स आणि डोकं चढवणारी जड अल्कोहोल्स. शिवाय आंबताना स्वतःची उष्णता तयार होते, त्यामुळे खोली २० अंशांना असेल तर भांड्याच्या पोटात २३-२४ असतात. थर्मामीटर भिंतीला लावून काही कळत नाही, भांड्याला चिकटवा.

पहिले तीन दिवस महत्त्वाचे. चव तेव्हा ठरते. त्या तीन दिवसांत भांडं १८ च्या आसपास ठेवा, नंतर दोन-तीन अंश वाढलं तरी चालतं, उलट यीस्टला शेवट गाठायला मदतच होते. उन्हाळ्यात भांडं पाण्याच्या टबात ठेवून वर जुना ओला टॉवेल गुंडाळा. उन्हाळ्यात माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच कारण इथं. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागातल्या पोरांनी नॉर्वेचं क्वाइक नावाचं शेतकरी यीस्ट घ्यावं, ते ३० ते ३५ अंशांनाही स्वच्छ चव देतं. चांगल्या कृतीला वाईट तापमान लागलं तर बियर वाईट होते. साध्या कीटला नीट तापमान मिळालं तर शेजारी दुसरा ग्लास मागतो.

लागर का करू नको म्हणता? बाजारात तर लागरच मिळते.

तिला ९ ते १३ अंश लागतात, मग शून्याच्या जवळ काही आठवडे मुरवावी लागते. वेगळा फ्रिज असेल तर करा.

बियर झाली की नाही, कसं ओळखायचं? बुडबुडे थांबले म्हणजे झाली ना?

नाही. बुडबुडे म्हणजे पुरावा नव्हे. झाकण सैल असेल तर ते येतच नाहीत, आणि हवा तापली तर झालेल्या बियरमधूनही येतात. हायड्रोमीटर घ्या. दूधवाल्याला पकडायला लॅक्टोमीटर असतो तसाच हा, द्रवाची घनता मोजतो. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो, साखर जितकी जास्त तितका वर तरंगतो. यीस्ट टाकण्याआधी एकदा मोजा आणि लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी मोजा, तीन दिवसांनी परत मोजा. आकडा हलला नाही तर झाली.

अल्कोहोल किती आहे हे कसं काढायचं?

सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करा आणि १३१.२५ ने गुणा. समजा १.०४८ ने सुरू झालं आणि १.०१० ला थांबलं. फरक ०.०३८, गुणाकार सुमारे ५, म्हणजे ५ टक्के. द्रव २० अंशांवर असताना मोजा, गरम वर्ट आकडा कमी दाखवतो.

बाटल्या फुटतात म्हणे?

फुटतात. माझ्या जिन्याखालच्या कपाटात रात्री दोन वाजता सहा फुटल्या. शेजारच्या आजीबाईंनी पोलिसांना फोन करायचा बाकी ठेवला होता.

फेसासाठी बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. लिटरला ६ ते साडेसहा ग्रॅम, म्हणजे २३ लिटरला दीडशे ग्रॅमच्या आत. ती साखर बाटलीतलं उरलेलं यीस्ट खातं, वायू कोंडला जातो, बियर फसफसते. गडबड दोन कारणांनी होते. आंबणं पुरं व्हायच्या आत भरली तर आतली उरलेली साखरही फुगते. किंवा प्रत्येक बाटलीत चमच्याने अंदाजे साखर टाकली तर एकीत दुप्पट जाते. साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बियरमध्ये एकदम हळूच मिसळा, ढवळून हवा मारू नका, मग भरा. नव्या माणसाने कोल्ड्रिंकच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या वापराव्यात. त्या दाबल्या की आतला दाब कळतो, आणि फुटल्या तरी काचा उडत नाहीत. दोन आठवडे खोलीत, मग थंडीत. तळाशी गाळ बसेल, तो यीस्ट. ओतताना मागं ठेवा.

कीटनंतर थेट ऑल-ग्रेन, म्हणजे सगळी धान्यापासून?

मधे एक पायरी आहे. हॉप्स नसलेला माल्टचा पाक घ्यायचा, आणि पावशेर रंगीत माल्ट, म्हणजे क्रिस्टल किंवा भाजलेलं, पातळ फडक्यात बांधून ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचं. मग गाठोडं काढून पाक घालायचा आणि हॉप्सबरोबर उकळायचं. वरणाला फोडणी दिल्यासारखं होतं, डब्याला ताजेपणा येतो. इथंच थांबलेली आणि उत्तम बियर करणारी माणसं मला माहीत आहेत. ऑल-ग्रेनवाले त्यांना हिणवतात, ते सोडा.

ऑल-ग्रेनचा दिवस कसा असतो? एक कृती द्या.

सकाळी सुरू केलं तर दुपार जाते. वीस लिटरच्या साध्या पेल एलला मी ४.२ किलो पेल माल्ट आणि ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट घेतो, भरडून. भरड म्हणजे दळण नव्हे. दाणा फुटला पाहिजे, साल अखंड राहिली पाहिजे. पीठ झालं तर पिठलं होतं आणि काही गळत नाही.

चाळीस लिटरचं पातेलं असेल तर पिशवीची पद्धत सगळ्यात सोपी. पातेल्यात जाळीच्या कापडाची मोठी पिशवी लावा, सुमारे ३० लिटर पाणी ६९-७० अंशांपर्यंत तापवा, धान्य हळूहळू सोडा, गुठळ्या मोडा. धान्य गार असल्यामुळे तापमान उतरून ६६-६७ वर येतं. झाकण लावा, पातेलं गोधडीत गुंडाळा, तासभर सोडा.

इथं दोन प्रकारची एन्झाइम्स काम करतात. एकाला ६० ते ६५ अंश आवडतात, ते यीस्टला सहज खाता येणारी साखर करतं. दुसऱ्याला ७० च्या आसपास आवडतं, ते मोठे तुकडे सोडतं, जे यीस्ट खात नाही आणि बियरला अंग येतं. म्हणून ६४ ला ठेवली की कोरडी, हलकी बियर. ६८ ला ठेवली की भरदार. ७५ च्या पुढं गेलात तर दोन्ही मरतात आणि मग परतीचा रस्ता नाही.

तासाने पिशवी उचलायची. भिजलेलं धान्य आठ-नऊ किलो भरतं. मी झटापट करत होतो तेव्हा आईने पिशवीची तोंडं धरून गाठ मारली आणि श्रीखंडाचा चक्का टांगतात तशी ती खुंटीला टांगून मोकळी झाली. खाली पातेलं, वर गाठोडं, थेंब थेंब गळतंय. त्यानंतर मी दुसरी कुठली पद्धत वापरली नाही.

मग उकळायचं, साठ मिनिटं, झाकण न लावता. झाकण लावलं तर उकडलेल्या मक्याचा वास देणारं एक रसायन आत अडकतं. फिकट पिल्सनर माल्टला नव्वद मिनिटं द्या. उकळी फुटते तेव्हा पातेल्यासमोरून हलू नका, दुधासारखं उतू जातं, आणि शेगडीवर सांडलेला पाक खरवडायला संध्याकाळ जाते. उकळी स्थिर झाली की ४५ ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग हॉप्स घाला, शेवटची पंधरा मिनिटं उरली की अजून २० ग्रॅम. आधी घातलेले कडूपणा देतात, उशिरा घातलेले वास. फोडणीतली मोहरी आणि वरून घातलेली कोथिंबीर, तसंच.

नंतर शक्य तितक्या लवकर २० अंशांच्या खाली गार करायचं. तांब्याच्या नळीचं वेटोळं मिळतं, ते पातेल्यात बुडवून आतून नळाचं पाणी सोडायचं. भांड्यात ओतताना उंचावरून ओता, यीस्टला सुरुवातीला हवा लागते. हीच एकदा हवा, पुढं परत कधी नाही. ११ ग्रॅमची एलच्या यीस्टची पुडी टाका. सुरुवातीची घनता १.०४८ च्या जवळ आली पाहिजे. पहिल्या वेळी १.०४० आली तरी रडू नका, पुढच्या खेपेला भरड थोडी बारीक करा.

पाणी कसलं घ्यायचं?

पिण्याचं. क्लोरीनचा वास येत असेल तर कँपडेनची अर्धी गोळी वीस-पंचवीस लिटरला पुरते, नाहीतर औषधाच्या दुकानासारखा वास बियरला लागतो. इंग्लंडातल्या बर्टनचं पाणी जिप्समने जड, म्हणून तिथली कडू पेल एल गाजली. चेक देशातल्या पिल्सेनचं पाणी अगदी हलकं, म्हणून तिथली फिकट लागर. एवढं पहिल्या वर्षी पुरे. पाण्यात क्षार मोजून घालणाऱ्यांचा एक पंथ आहे, त्यात ओढले जाऊ नका.

यात मेथेनॉल होऊन माणूस आंधळा होतो ना?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. बियरमध्ये होत नाही. मेथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून येतं आणि धान्यात ते नगण्य असतं. आपल्याकडे विषारी दारूने माणसं मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यातलं मेथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. बियर थोडी आम्लधर्मी असते, तिच्यात हॉप्स आणि अल्कोहोल असतं, त्यामुळे माणसाला मारणारे जंतू तिच्यात सहसा तग धरत नाहीत. बिघडली तर तोंड वाकडं होतं, एवढंच. पण बियर करता येते म्हणून ती उकळून गाळायच्या नादाला लागू नका. ते काम वेगळं, त्याचा धोका वेगळा, आणि इंग्लंडमध्येही त्याला परवाना लागतो.

चव बिघडलीय, काय चुकलं?

आंबट झाली, तर जंतू शिरला; भांडं, नळी, तोटी उघडून घासा. हिरव्या सफरचंदासारखी लागते, तर अजून कच्ची आहे, थांबा. लोण्यासारखी लागते, तर यीस्टवरून लवकर काढलीत, दोन दिवस उबेत ठेवायला हवी होती. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, तर भरताना हवा लागली. उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीला घाणेरडा वास येतो, कारण उजेडाने हॉप्समधली रसायनं तुटतात. तपकिरी बाटली उगाच नसते.

गूळ घालून केली तर? आपला गूळ जगात भारी.

होय, पण हात आखडता घ्या. गुळातली साखर यीस्ट जवळपास पूर्ण खातं, त्यामुळे गोडी उरत नाही, बियर उलट कोरडी होते. गुळाचा वास मात्र राहतो. माल्टच्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत, गडद रंगाच्या एलमध्ये, छान लागतो. गोड होईल म्हणून दोन किलोची ढेप टाकणाऱ्या संकेश्वरच्या एका पोराची बियर काकवीच्या वासाचं पाणी झाली होती.

ज्वारीची, नाचणीची बियर होते का?

होते, जगभर करतात. आफ्रिकेत ज्वारीची बियर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नायजेरियाने १९८० च्या दशकात बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी वापरली. सिक्कीममध्ये नाचणीची छांग असते.

अडचण अशी की ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुगतो, सत्तरच्या आसपास आणि पुढंही. तोवर एन्झाइम्स मरायला लागलेली असतात. म्हणून ज्वारी वेगळी शिजवून, गार करून, मग तिच्यात माल्ट मिसळावं लागतं. दुसरी गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावर त्यात सोडत नाहीत. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांतही सायनाइड तयार करणारं तेच द्रव्य असतं. वाळवून कोंब-मुळ्या चोळून पूर्ण काढाव्या लागतात. शिकाऊ माणसाने या वाटेला जाऊ नये, आणि खायच्या सत्त्वाला तर नाचणीच घ्यावी.

बेळगावात बसून, दारू न करता, यातलं काय करून बघता येईल?

आता माझ्या आवडीचा भाग. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, दोन-तीन दिवस मोड येऊ द्या. रोज एकदा पाणी मारा, नाहीतर कुबट होते. मग सावलीत पसरून, नंतर उन्हात कडकडीत वाळवा, मोड चोळून काढा, दळा. झालं तुमचं माल्ट.

आता साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट, चमचा उभा राहील अशी पेज शिजवा. थर्मामीटर घालून ती ६५ अंशांपर्यंत उतरू द्या आणि चमचाभर माल्टचं पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत पेज पातळ होते, पाण्यासारखी वाहते. थोडी चाखा, गोडसर लागेल. तुमच्या डोळ्यांदेखत स्टार्चची साखर झाली. जगातल्या प्रत्येक ब्रुअरीत रोज सकाळी हेच होतं. शंका असेल तर मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा, एक थेंब बशीतल्या पेजेवर टाका. घट्ट पेज काळीनिळी होते, पातळ झालेलीचा रंग फिका पडतो. ती बशी मग फेकून द्यायची, खायची नाही.

थर्मामीटर तपासायचा असेल तर उकळत्या पाण्यात धरा. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. टिळकवाडीतल्या एका मित्राने शंभर दाखवत नाही म्हणून दोन थर्मामीटर दुकानदाराला परत केले. दोन्ही चांगले होते.

बार्ली माल्ट मिळालं तर ते ६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवा, गाळा, पंधरा मिनिटं उकळा, आल्याचा तुकडा ठेचून घाला, आणि फ्रिजमध्ये गार करून ताजंच, प्यायच्या वेळी सोडा मिसळून प्या. यीस्ट नाही, आंबवणं नाही, दारू नाही. दोन दिवसांच्या आत संपवा, नाहीतर ते आपणहून आंबायला लागेल.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

साखर गेलेली असते, साल आणि प्रथिनं राहतात. ब्रुअरीजचा चोथा गाई-म्हशींना जातो. आईने लीड्सच्या त्या पहिल्या चोथ्यात ज्वारीचं पीठ, कांदा, तिखट घालून थालीपिठं लावली, तीन दिवस आम्ही तीच खात होतो. सालं दातात अडकतात, म्हणून चोथा मिक्सरमधून काढा. चोथा ओला राहिला तर एका दिवसात आंबतो, त्यामुळे जास्त असेल तर पसरून वाळवा. हॉप्सबरोबर उकळलेला गाळ मात्र वेगळा बांधून कचऱ्यात टाका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.